बारा दिवस झाले तरी गाडीचा रंग नखाने दबतो. थांबावं की काढून पुन्हा मारून घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुलैमध्ये चिपळूणला तुमच्या ग्रे मेटॅलिक गाडीला बाजूने रिक्षा घासली. डावीकडचा मागचा दरवाजा आणि त्यामागचं क्वार्टर पॅनल डेंटिंग-पेंटिंगला दिलं. गाडी घरी येऊन बारा दिवस झाले. दरवाजा सगळीकडे मऊ आहे, नख दाबलं की चंद्रकोर उमटते, आणि एका रात्री कव्हर घातलं तर कापडाची वीण रंगावर उठली. क्वार्टरवर मात्र चाकाच्या वरचा तळहाताएवढा भागच मऊ आहे आणि तिथे नाक नेलं की थिनरचा वास येतो. गॅरेजवाले म्हणतात, "पावसाळा आहे, ऊन पडलं की सुकेल."

माझं मत आधीच सांगतो. क्वार्टरसाठी थोडं थांबून बघायला हरकत नाही. दरवाजासाठी थांबू नका, तो बहुतेक कधीच पक्का होणार नाही. मी सांगलीत बावीस वर्षं गाड्यांना रंग मारतो. तुम्ही केलेल्या वर्णनात एका गाडीवर दोन वेगवेगळे दोष दिसतात, आणि दोन्हींना एकच औषध दिलं जातंय.

थिनर उडून जातो त्याला वाळणं म्हणायचं. ज्यात तुमचा ग्रे रंग आणि मेटॅलिकचे कण असतात तो बेस कोट साधारणपणे नुसता वाळतो. त्यावरच्या चकाकणाऱ्या क्लिअरचं वाळून भागत नाही. क्लिअरमधलं रेझिन (म्हणजे राळ) आणि थर कडक करायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन यांची रासायनिक क्रिया होऊन त्यांचं एक जाळं विणलं जातं, तेव्हा तो थर कडक होतो. आम्ही त्याला रंग 'पकला' म्हणतो. घरातलं उदाहरण घ्यायचं तर दह्याचं घ्या. विरजण ठीक असेल आणि हवा गार असेल, तर दही सकाळऐवजी दुपारी लागतं, पण लागतं. विरजण घालायचंच राहिलं असेल, तर भांडं कितीही उबेत ठेवा, दूध दूधच राहतं. तुमचे गॅरेजवाले पहिल्या प्रकारचं उत्तर देतायत. दरवाजाचं दुखणं मला दुसऱ्या प्रकारचं वाटतं.

कारण साधं आहे. दरवाजा आणि क्वार्टर एकाच आठवड्यात, एकाच शेडमध्ये, एकाच पेंटरने मारले. पावसाची हवा दोघांना सारखीच लागली. तरी क्वार्टरचा मोठा भाग कडक झाला आणि दरवाजा पूर्ण मऊ राहिला. दोष हवेचा असता तर दोन्ही पॅनल सारखी मऊ राहिली असती. रंग फवारायच्या आमच्या गनचा कप साधारण ६०० मिलीचा असतो. दरवाजा बऱ्याचदा काढून स्टँडवर वेगळा मारतात, क्वार्टर गाडीवरच मारावं लागतं, म्हणजे कप पुन्हा भरावा लागतो आणि प्रत्येक भरलेल्या कपात क्लिअर, हार्डनर, थिनर नव्याने मोजून घालावे लागतात. घाईच्या दिवशी दुसऱ्या कपात हार्डनर कमी पडतो किंवा घालायचाच राहतो. गनमधून तो नेहमीसारखाच उडतो, पॅनलवर तुकतुकीत बसतो, तासाभरात धूळही चिकटेनाशी होते. फसवं असतं ते. दोन दिवसांनी कुणी हात टेकेपर्यंत कळत नाही.

माझ्या अंदाजावर मात्र जाऊ नका, घरी तपासून बघा.

पहिली तपासणी नखाची, पण ओरखडा काढायचा नाही, फक्त दाबायचं. दरवाजाच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी दाबा. तेवढ्याच जोराने पुढच्या दरवाजावर दाबा, तिथे कंपनीचा रंग आहे. फरक लक्षात ठेवा, तारीख लिहा, आणि तीन-चार दिवसांनी शेजारच्या जागी पुन्हा दाबा. या तपासणीत रंग किती मऊ आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय हे जास्त महत्त्वाचं. आज जेवढा खड्डा पडला त्याहून चार दिवसांनी स्पष्टपणे कमी पडला, तर क्रिया चालू आहे. जसाच्या तसा पडला, तर थांबण्यात अर्थ नाही. नखाचा अंदाज येत नसेल तर मुलांच्या दप्तरातल्या पेन्सिली घ्या, २बी, एचबी, एच. टोक सपाट घासून घ्या, ४५ अंशांत धरून पुढे ढकला. ही आमच्या धंद्यातली खरी चाचणी आहे. पुढच्या दरवाजावर एचबी नुसती घसरते आणि मागच्यावर २बीसुद्धा रुतते, असं झालं तर निकाल स्पष्ट आहे.

दुसरी तपासणी थिनरची. पांढरं सुती फडकं थिनरमध्ये भिजवून पिळा आणि दरवाजाच्या आतल्या कडेला, जिथे नवा रंग आलाय तिथे, दहा-पंधरा सेकंद धरून मग पुसा. पकलेला क्लिअर थोडा मंद होईल, सुटणार नाही. अर्धवट पकलेला चिकट होईल, सुरकुतेल. हार्डनरच नसेल तर क्लिअर विरघळून निघून येईल आणि फडक्यावर तुमच्या गाडीचा ग्रे रंग दिसेल. क्लिअर शाबूत असेल तर खालचा रंग फडक्यावर यायचं कारणच नाही. (गाडी साधी पांढरी असती तर ही खूण एवढी भरवशाची नसती, पांढऱ्या गाड्यांना बऱ्याचदा क्लिअर नसतो, रंगातच हार्डनर घालून एकच थर देतात.) त्या जागी डाग राहील, म्हणून फोटो आधी काढून ठेवा.

तिसरी गोष्ट गॅरेजमध्ये विचारायची: त्या दिवशीचा उरलेला क्लिअर कपात किंवा डब्यात होता, त्याचं काय झालं? हार्डनर घातलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत कपातच घट्ट होतं आणि पुढे दगडासारखं होतं. पातळच राहिलं असेल किंवा पुन्हा क्लिअरच्या डब्यात ओतलं असेल, तर त्यात हार्डनर नव्हता हे उघड आहे.

आता हार्डनर का फसतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुन्हा काम करून घेताना तुम्हाला याचा उपयोग होईल.

प्रमाण हे पहिलं. काही क्लिअरला दोन भागांना एक भाग हार्डनर लागतो, काहींना चार भागांना एक. डब्यावर छापलेलं असतं. चाराला एक या सवयीचा पेंटर दोनाला एकचा क्लिअर तसाच मिसळतो, आणि हार्डनर निम्माच पडतो. एका कंपनीचा क्लिअर आणि दुसऱ्या कंपनीचा हार्डनर घेतला तर मापाचा भरवसाच उरत नाही, कारण प्रत्येक हार्डनरची ताकद वेगळी असते. जास्त घातला तर जास्त कडक होईल, हाही गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी हळूहळू झगडत बसतो आणि थर पुढे ठिसूळ होतो. हार्डनर महाग असतो आणि खूप ठिकाणी मालक तो पेंटरला मोजून देतो. म्हणून पेंटरवर चिडण्याआधी माल कोण देतं हेही बघा.

मग डब्याचं वय. आयसोसायनेटला पाण्याची फार ओढ असते. झाकण उघडं राहिलं की हवेतली वाफ आत जाते, हार्डनर गढूळ होतो, झाकणाच्या कडेला पांढरे खडे जमतात, आत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन डबा फुगतोसुद्धा. असा हार्डनर मापाने पूर्ण असतो, ताकदीने अर्धा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला, पाणी उतरल्यावर सांगलीतल्या प्रत्येक शेडमध्ये गाड्यांची रांग लागली. भिंती ओल्या, फरशी ओली, आणि आम्ही रात्री अकरापर्यंत काम करत होतो. एका काळ्या सेडानचं बॉनेट मी अर्ध्या संपलेल्या डब्यातल्या हार्डनरने मारलं. तो डबा किती दिवस नीट झाकलेला नव्हता हे मी बघितलं नाही. बॉनेट मऊ राहिलं. मीही त्या माणसाला हेच सांगितलं: ऊन पडू दे. तीन आठवडे तो दर रविवारी यायचा, आणि दर रविवारी नख तेवढंच रुतायचं. त्याच्या घरात पाणी शिरलं होतं, गाडी ही त्याची एकच धड वस्तू उरली होती, आणि मी त्याला तीन आठवडे आशेवर ठेवलं. शेवटी सगळं काढून नव्या डब्याने मारलं, दुसऱ्या दिवशी बॉनेट कडक. तेव्हापासून डबा उघडला की मी त्यावर मार्करने तारीख टाकतो आणि महिना उलटला की तो क्लिअरसाठी वापरत नाही.

तिसरं कारण थिनर, आणि आपल्याकडे याकडे फार दुर्लक्ष होतं. गन धुवायला जो स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर आणतात तोच पुष्कळ जण क्लिअरमध्येही ओततात. त्यात अल्कोहोल असतं आणि ओलावाही असतो, आणि दोन्ही गोष्टी रेझिनच्या आधी हार्डनरला खाऊन टाकतात. म्हणजे माप बरोबर, डबा ताजा, तरी रंग मऊ. क्लिअरला पीयू (पॉलियुरेथेन रंगांचा) थिनरच लागतो. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण एका दरवाजाला लागतोच किती?

हवामानाबद्दल तुमचे गॅरेजवाले अगदी खोटं बोलत नाहीत. गारव्यात क्रिया मंदावते. तापमान दहा अंशांनी उतरलं की वेग साधारण निम्म्यावर येतो असा आमचा ठोकताळा आहे. कोकणातल्या जुलैत थंडी नसते, ओल असते. ओल हार्डनरचा वाटा खाते आणि कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठवते. टाकी रोज सकाळी सोडली नाही तर ते पाणी हवेबरोबर गनमधून पॅनलवर येतं. एवढं सगळं धरूनही बरोबर मिसळलेला क्लिअर पंचवीस अंशांच्या हवेत दुसऱ्या दिवशी हाताळता येतो आणि आठवड्याभरात नखाला दाद देत नाही. पूर्ण ताकद यायला महिना लागतो, ते वेगळं. बारा दिवसांनी कापडाची वीण उमटणं पावसाच्या खात्यात टाकता येणार नाही.

बूथ, म्हणजे रंग मारून तापवायची बंद खोली, असलेल्या गॅरेजमध्येही एक चूक सर्रास होते. क्लिअरला साधारण ६० अंशांवर अर्धा तास तापवायचं असतं, पण ते ६० अंश पत्र्याचे हवेत. डायलवर ६० दिसले तेव्हा पत्रा चाळिशीत असतो, तो तिथे पोचायला आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात. डिझेल वाचवायला घड्याळ डायलपासून लावलं की रंगाला मिळतात जेमतेम पंधरा मिनिटं. कंपनीतला रंग एवढा टणक का असतो, तर तिथे नुसती बॉडी १४० अंशांच्या आसपास भाजून निघते. वायरिंग, काचा, प्लॅस्टिक बसलेल्या गाडीला तसं भाजता येत नाही, म्हणून तर दुरुस्तीत सगळा भार हार्डनरवर असतो.

आता क्वार्टर. तळहाताएवढाच भाग मऊ आहे आणि थिनरचा वास येतोय, म्हणजे वरचा क्लिअर ठीक आहे, खाली थिनर अडकलाय. तिथे लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरली असणार. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाला, किंवा बारीक चरे बुजवायला एनसी पुट्टी जाड थापली, की वरून कडक आणि आतून ओली अशी गत होते. बेस कोट मंद दिसेपर्यंत न थांबता त्यावर क्लिअर मारला तरी हेच होतं. दमट हवेत ती दहा-पंधरा मिनिटं पुरत नाहीत. अडकलेला थिनर निघू शकतो, पण सावकाश. गाडी झाकू नका, कोरड्या वाऱ्यात ठेवा, ऊन आलं तर ती बाजू उन्हाकडे करा. आठवड्याभराने वास कमी आणि नखाचा खड्डा कमी झाला तर काम झालं, फक्त तिथली चकाकी पुढे थोडी उतरेल, ती पॉलिशने येते. वास तसाच राहिला, किंवा बारीक फोड दिसले, तर लांबीपर्यंत खरवडून तेवढा भाग नव्याने करावा लागेल. लांबीला तिचा स्वतःचा हार्डनर असतो, ट्यूबमधला, वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास. तो कमी पडला असेल तर आतली लांबीच च्युइंगमसारखी निघेल.

घरी हॅलोजन लावून तापवायचा विचार मनात आला असेल तर क्वार्टरला अजिबात लावू नका. पुष्कळ गाड्यांची पेट्रोलची टोपी तिथेच असते. शिवाय आत थिनर असताना पत्रा एकदम तापवला की बुडबुडे येतात आणि वाचणारं कामही जातं. दरवाजाला तापवून काय होईल ते वर सांगितलंच.

दरवाजावर हार्डनर मिसळलेला क्लिअरचा एक नवा हात मारून देतो, खालचा आपोआप पकेल, असं तुम्हाला सांगितलं जाऊ शकतं. मान्य करू नका. वरचा हार्डनर खालपर्यंत भरवशाने जात नाही. मऊ थरावर कडक थर बसतो, मग सुरकुत्या येतात किंवा सहा महिन्यांनी पापुद्रे निघतात. मऊ थर पूर्ण निघाला पाहिजे. तो पॉलिश पेपरने निघणार नाही, पेपर लगेच भरतो आणि गोळ्या होतात. आधी स्क्रेपर आणि थिनरच्या फडक्याने काढायचा, मग ३२० नंबरच्या पेपरने घासायचं. घासताना तिथे उभं राहता आलं तर नक्की राहा. कोरडी भुकटी पडायला लागली की पक्का थर लागला. जोवर वळकट्या पडतायत तोवर पुढचं काही मारू देऊ नका. खाली कंपनीचा रंग किंवा प्रायमर पक्का असेल तर पत्र्यापर्यंत जायची गरज नाही.

गॅरेजमध्ये भांडायला जाऊ नका, फडकं घेऊन जा. त्यांच्यासमोर दोन्ही दरवाजे पुसून दाखवा. फडक्यावरचा ग्रे डाग बघितल्यावर कुठलाही पेंटर ऊन पडू दे असं म्हणणार नाही. पुन्हा करायचा सगळा खर्च, माल आणि मजुरी दोन्ही, त्यांनीच करायचा. तुम्ही एकदा पैसे दिलेले आहेत. बिल, जॉब कार्ड आणि तारखेसह फोटो जपा. तरीही टोलवाटोलवी झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. एवढ्या सरळ पुराव्यावर तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

एक कळकळीची विनंती आहे. मऊ रंग घासताना किंवा नवा क्लिअर मारताना तुम्ही जवळ उभे राहणार असाल तर साधा कापडी मास्क पुरणार नाही. आयसोसायनेटचा फवारा फुप्फुसात गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोडासा वासही सहन होत नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक उत्तम हात आज याच कारणाने गन धरू शकत नाही. फवारणी चालू असताना बाहेर थांबा. आत मारणाऱ्या मुलाच्या तोंडाला नुसता रुमाल असेल, तर मालकाला नीट मास्कबद्दल सांगा. ग्राहकाचं ते जास्त ऐकतात.

पुन्हा मारायच्या दिवशी एवढंच करा: क्लिअर मिसळल्यावर त्यातला दोन चमचे एका कागदी कपात घालून मागा आणि घरी खिडकीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तो कडक चकतीसारखा निघाला की दरवाजाचीही काळजी मिटली. पुढचे पंधरा दिवस कव्हर नको, ब्रशचं वॉशिंग नको. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग महिनाभर तरी नको, कारण उरलेला थिनर बाहेर पडायला वाट लागते.

थिनरच्या फडक्यावर काय दिसलं ते इथेच कळवा. डाग आला नाही आणि दरवाजा तरीही मऊ असेल, तर माझा अंदाज चुकलाय आणि बेस कोटच्या खाली बघावं लागेल.